शेवटचं गिऱ्हाईक

आई गाडीत बसली की बोलायला लागायची आणि गाडी थांबली तरी थांबायची नाही, असा त्या घराचा आजवरचा अनुभव. पण या प्रवासात ती बोलणं अर्ध्यावर टाकून नुसती मान फिरवत होती. खिडकीकडे, मग सावकाश समोर, मग मुलाच्या बाजूला, मग परत खिडकीकडे. भिंत रंगवणारा माणूस एक पट्टा संपवून शेजारचा पट्टा घेतो ना, तसं ती ते जंगल पट्ट्यापट्ट्याने बघत होती. मुलगा गाडी चालवता चालवता हे सगळं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होता. आपल्या डोळ्यांचे कोपरे अजून शाबूत आहेत, याची त्याला अक्षरशः लाज वाटत होती.

बाहेर तर बघू तेवढं थोडं होतं. उत्तरेकडचा तो रस्ता गावं, शेतं, विजेच्या तारा सगळं मागे सोडून वर निघाला होता. दोन्ही अंगांना सुयांसारख्या पानांची काळपट झाडं, मधूनच पांढऱ्या सालीची, पानं पिवळीधमक झालेली, आणि दर वळणाला एक तळं. तळं तरी किती असावीत? कोणीतरी आरसे फोडून तुकडे तसेच टाकून दिले असावेत, इतकी. खाली झुडपं लाल झाली होती आणि पार मागे डोंगरांवर बर्फ. समोरून तासाला एखादी गाडी आली तर आली. आलीच तर तिचा चालक हात वर करायचा, जणू जुनी ओळख आहे.

एका वळणानंतर रस्त्याच्या कडेला, आईच्याच बाजूला, ते जनावर उभं होतं. हरीणच, पण म्हशीएवढं आणि डोक्यावर शिंगांचा भलामोठा पसारा. मुलाने गाडी हळू केली. जनावर आईच्या खिडकीपासून हाताच्या अंतरावर, तोंडातला पाला चघळत, शांतपणे गाडीकडे बघत होतं. आणि आई समोर बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"आई, ते ब..." एवढं बोलून तो अडखळला. तिने मान वळवेपर्यंत जनावर झाडांत शिरलंदेखील.

काय होतं, म्हणून तिने विचारलं. काही नाही, दगड होता मोठा, असं तो म्हणाला. आता जंगलातला दगड दाखवायला कोणी गाडी हळू करतं का? पण आई काही बोलली नाही आणि त्याला तेच लागलं.

आपल्या बोलण्यात 'बघ' किती वेळा येतं, हे त्याला या रस्त्यावर कळलं. बघ हं, बघू या, बघ ना जरा, करून बघ. प्रत्येक वेळी जीभ चावायची. आणि हा माणूस कोण, तर चष्मेवाला. अख्खं शहर त्याला चष्मेवाला म्हणायचं. वडिलांनी टाकलेलं दुकान तो चालवत होता, लोकांचे नंबर काढून देत होता. तो आपल्या आईशी 'बघ' म्हणायला घाबरत होता.

त्या दुकानात आईचं आयुष्य गेलं होतं. मुलगा आतल्या खोलीत डोळे तपासायचा आणि आई बाहेर फ्रेमच्या काउंटरला. आतलं दार कायम उघडं. त्यामुळे भिंतीवरच्या उजेडाच्या फळ्यावरची अक्षरं लोक दिवसभर मोठ्याने वाचायचे ती तिच्या कानावर पडायची. वर्षानुवर्षं पडून पडून फळा तिला तोंडपाठ झाला होता. फळ्याकडे पाठ करून, हातातली काच पुसता पुसता, ती आतल्या गिऱ्हाइकाला सांगायची, "ताई, तिसरं अक्षर चुकलं, नीट वाचा." लोक थक्क व्हायचे आणि मुलगा हसायचा. दुकानातला हा ठरलेला विनोद होता.

वर्षातून एकदा आईचेही डोळे तपासायचे, हाही दुकानाचा रिवाज. पण घरच्या माणसाची तपासणी कधी? तर सगळी गिऱ्हाइकं गेली, हिशेब झाला, शटर अर्धं खाली आलं, की मग. ती शेवटचं गिऱ्हाईक. "ये गं, पटकन उरकू," असं तो म्हणायचा, हातात किल्ल्या असायच्या. ती खुर्चीत बसायची आणि वरपासून खालपर्यंत फळा घडाघडा म्हणून दाखवायची. तो नंबर जरासा इकडे तिकडे करायचा, तिला आवडेल ती फ्रेम द्यायचा, आणि दोघं घरी जायचे.

काचबिंदू नावाचा जो आजार आहे तो फळ्यावर दिसत नाही. समोरचं सगळं स्वच्छ दिसत राहतं आणि कडेकडेने अंधार आत सरकतो. माणसाला पत्ता लागत नाही. त्यासाठी डोळ्यातलं प्रेशर मोजावं लागतं. ते मोजायचं यंत्र दुकानाच्या मागच्या खोलीत होतं, कापड टाकलेलं, आणि कापडावर फ्रेमची खोकी रचलेली. चाळिशीपुढच्या गिऱ्हाइकासाठी तो न कंटाळता ती खोकी उतरवायचा. आईसाठी कोण खोकी उतरवतंय, तीही शटर अर्धं खाली आल्यावर?

बरं, खुणा नव्हत्या असंही नाही. आईचा खांदा दाराच्या चौकटीला लागायला लागला होता. तेव्हा तो म्हणाला होता, दार रुंद करून घेऊ का तुझ्यासाठी? शेजारी ठेवलेला कप तिच्या हाताने उलटायचा. तेव्हा तो वैतागला होता, तुझं लक्ष कुठे असतं हल्ली, म्हणून. हे शेवटचं वाक्य त्याला आता झोपू देत नव्हतं. दिवसभर डोळ्यांचं काम करणाऱ्या माणसाने आपल्या आईला, दिसत नव्हतं म्हणून, वेंधळी ठरवलं होतं.

मग रस्ता ओलांडताना बाजूने आलेली सायकल तिला दिसली नाही. मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्याला शंका आली, त्याने डोळ्यांच्या विभागात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट तपासून सांगितलं, की गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते राखायचं, रोज न चुकता थेंब घालायचे. आणि मग विचारलं, आजवर डोळे कोण तपासत होतं? आई ताठ बसून म्हणाली, "हा काय, माझा मुलगा. याच धंद्यात आहे." डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. धंद्यातलं माणूस धंद्यातल्या माणसाला कसं बघतं, ते त्याला बरोबर समजलं.

त्याच संध्याकाळी आईने हट्ट धरला. वरचा रस्ता दाखव म्हणाली. लग्नानंतर ती आणि वडील एकदा त्या रस्त्याच्या तोंडापर्यंत गेले होते आणि दुकान उघडायचं म्हणून तिथूनच परतले होते. पुढे दरवर्षी जाऊ म्हणत राहिले, आणि वडील गेले. आता डोळे आहेत तोवर मला तो शेवटपर्यंत बघायचाय, असं ती म्हणाली. प्लास्टर निघाल्यावर त्याने दुकानाला कुलूप घातलं आणि निघाला. निघताना त्याची बायको फाटकाशी येऊन हळूच म्हणाली होती, "परत यायच्या आत तू त्यांना सांग. नाहीतर मी सांगेन." ती उगीच बोलणाऱ्यांतली नव्हती.

सांगायचं म्हणजे काय, तर एवढंच: तुझे डोळे वाचले असते आई, मी वाचवले नाहीत. छोटंसं वाक्य. पण पहिल्या मुक्कामाला ती दमली होती, दुसऱ्याला खुशीत होती, आणि खुशीत असलेल्या आईला कोण दुखवणार? असं करत करत रस्ता संपत आला. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील मिळायचा नाही.

त्या दगडाच्या, म्हणजे हरणाच्या प्रकारानंतर थोड्या वेळाने तिने नदीपाशी गाडी थांबवायला सांगितली. पाणी उथळ होतं, गोट्यांवरून खळाळत होतं. दोघं गाडीला टेकून उभे राहिले. तिने प्लास्टर निघालेलं मनगट चोळलं आणि एकदम म्हणाली, मला तुला एक सांगायचंय, रागावू नकोस.

"मी फळा वाचतच नव्हते रे. पाठ म्हणायचे."

तो टेकलेल्या गाडीपासून सरळ झाला.

"खालच्या ओळी मला कधीच्याच दिसेनाशा झाल्या होत्या. पण तू दमलेला असायचास. म्हटलं, कशाला याला अजून उभं करा. आणि खरं सांगू? म्हातारी झाले असं कोणी म्हणायला नको होतं मला. आता बघ काय करून बसले. तुला कळणार तरी कसं? तुझी काय चूक? त्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ना, ती बिचारीने माझ्याकडे टाकायला हवी होती. तुझं नाव घालवलं मी."

तिचा आवाज कापत होता. आई रडणाऱ्यांतली नव्हती. वडील गेले तेव्हाही तिने आलेल्यांना आधी बसायला खुर्च्या दिल्या होत्या. पण आत्ता ती पदराने नाक पुसत होती आणि किती दिवसांचं साठलेलं बाहेर काढत होती. रात्र रात्र जागते रे मी या विचाराने, असं म्हणाली.

आता इथे त्याने बोलायचं होतं. दार सताड उघडं होतं. आई, तो फळा तू खरा वाचला असतास तर फार तर नंबर वाढला असता, हा आजार कळला नसता, हे एवढंच. पण झालं काय, तर त्याच्या छातीवरून धोंडा उतरल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं, नाकारण्यात अर्थ नाही. क्षणभर त्याला वाटलं, हे असंच राहिलं तर? तिला वाटतंय तिची चूक, मी तिला माफ करतो, ती निवांत होते, मी निवांत होतो. कोणाचं बिघडलं? आणि हा शहाणा तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे गं आई. झालं ते झालं."

माफ केलं त्याने तिला. स्वतःच्या पापाची माफी त्याने तिलाच दिली. आईने त्याचा हात दाबला आणि म्हणाली, मोठा गुणाचा आहेस. गाडीत बसताना तिने डोकं दाराला आपटलं आणि स्वतःच हसली. ती पुन्हा बोलायला लागली होती. वडिलांच्या गोष्टी, दुकानातली भांडणं, एका बाईने एकाच फ्रेमसाठी अख्खा आठवडा कसा घातला होता, सगळं. आणि मुलाच्या छातीवरचा तो धोंडा दुसरं वळण यायच्या आत दुप्पट होऊन परत बसला.

रस्ता आता खडीचा झाला होता. शेवटच्या पेट्रोल पंपावर ते थांबले, कारण पुढे पंपच नव्हता. लाकडी खोली, एका कोपऱ्यात कॉफीचं भांडं, खिळे, दोऱ्या, डबे विकायला मांडलेले. पंप चालवणारी बाई पन्नाशीची, बोलकी, आणि तिच्या चष्म्याची दांडी चिकटपट्टीने गुंडाळलेली. चष्मेवाल्याचा हात आपोआप खिशातल्या छोट्या पेचकसाकडे गेला. ते धंद्याचं व्यसनच. त्याने चष्मा मागून घेतला, दांडी सरळ केली, स्क्रू बसवला.

आईला तर तेवढंच हवं होतं. माझा मुलगा हा, डोळे तपासतो, असं तिने लगेच सांगून टाकलं. पंपवाली म्हणाली, आजी, नशीबवान आहात, घरात तपासनीस. आजी कोणाला म्हणतेस, तुझ्याहून दोनच पावसाळे जास्त पाहिलेत, असं आईने सुनावलं, आणि दोघी हसल्या. स्टुलावर बसून आई कॉफी प्यायला लागली.

पंपवालीने चष्मा डोळ्यांवर चढवला. म्हणाली, नंबर बरोबर आहे हो, वाचायला अगदी स्वच्छ दिसतं. तेवढं एकच होतं हल्ली, की कडेचं सामान हाताने पडतं. काल बरणी फोडली. मागे फाटकाला कोपर लागलं. नवरा म्हणतो, माझं लक्ष नसतं.

चष्मेवाल्याच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

तिच्या घरात कोणाला काचबिंदू होता का, असं त्याने विचारलं. बहुतेक आईला होता, ती शेवटी आंधळी झाली, असं बाई सहज म्हणाली. त्याने तिला डोकं दुखतं का विचारलं, दिव्यांभोवती कडी दिसतात का विचारलं. विचारता विचारता त्याला पक्कं ठाऊक होतं, की शेजारच्या स्टुलावर आईने कप खाली ठेवलाय आणि ती ऐकतेय.

नवीन चष्मा करून घ्या, एवढं बोलून उठता आलं असतं. आईसमोर तेच सोयीचं होतं. पण ही बाई इथे, जगाच्या टोकाला. तिला पुढे कोण भेटणार होतं, कोण सांगणार होतं? तिच्याकडे बघत असताना त्याला दाराच्या चौकटीला लागणारा खांदा दिसत होता. एक आई घालवून झाली होती. आणखी एकीला स्वतःच्या अब्रूसाठी घालवायचं, इतका तो वाईट नव्हता. निदान तसं त्याला वाटून घ्यायचं होतं.

"नीट ऐका," तो म्हणाला. "फळ्यावरची सगळी अक्षरं तुम्ही बरोबर वाचाल. त्याने काही कळत नाही. हा आजार अक्षरांत दिसत नाही. डोळ्यातलं प्रेशर मोजायला सांगा. चष्मेवाला म्हणाला गरज नाही, तरी मोजायला सांगा. आणि उद्याच जा. गेलेलं परत येत नाही."

पंपवालीचा चेहरा उतरला. पण उद्या भावाबरोबर जाते म्हणाली, आणि त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, काय मोजायचं ते. तो आईकडे वळला तेव्हा स्टूल रिकामं होतं. ती गाडीत जाऊन बसली होती. पट्टा लावून, समोर बघत.

पुढचा रस्ता कोणीच बोललं नाही. आईने मान फिरवणंही सोडलं होतं. दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येत गेले, झाडं बुटकी होत गेली, मग संपलीच. नुसता खडक, शेवाळ आणि वारा. खडीचा रस्ता एका मोठ्या तळ्यापाशी येऊन थांबला. पुढे रस्ता नव्हता. त्याने इंजिन बंद केलं.

"म्हणजे मी खरं वाचलं असतं तरी कळलं नसतं," आई म्हणाली. प्रश्न नव्हताच तो.

नाही, असं तो म्हणाला. आणि मग एकदाचं त्याने सगळं सांगितलं. मागच्या खोलीतलं यंत्र, त्यावरचं कापड, कापडावरची खोकी. हातातल्या किल्ल्या. फळा तिला पाठ आहे हे आपल्यालाच काय, अख्ख्या दुकानाला ठाऊक होतं, हेही सांगितलं. ती खुर्चीत बसून अक्षरं म्हणायची तेव्हा तिचे डोळे फळ्यावर नसायचे, ते त्याला दिसायचं. त्याला घरी जायचं असायचं, बस.

"आणि मघाशी नदीवर? मी एवढं बोलले, तेव्हा?"

खोटं बोलायची सोय उरली नव्हती.

"तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं," तो म्हणाला.

आईने दार उघडलं आणि उतरली. तिला तळ्याकडे जायचं होतं. वाट दगडधोंड्यांची होती. तो धावत तिच्या बाजूला गेला, हात पुढे केला. तिने तो झटकला. दोन पावलांवर ठेचकाळली, खडकाला धरून उभी राहिली, परत चालू लागली. त्याला कळेना, जवळ राहावं की लांब. लांब कडेला तिला तो दिसणार नव्हता आणि जवळ तिला तो नको होता. तो मधेच कुठेतरी, हात अर्धे वर उचललेले, असा चालत राहिला.

पाण्याच्या काठाला एका सपाट खडकावर ती बसली. तळं पार लांबवर पसरलेलं, पलीकडे बर्फाचे डोंगर, आणि उतरतीचं ऊन त्यांच्यावर गुलाबी पडलेलं. असं दृश्य लोक जन्मभर सांगत राहतात. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते. तिने ते मागे सारले नाहीत.

"कितीतरी रात्री मी स्वतःला शिव्या दिल्या," ती शेवटी म्हणाली. "तुझ्यासाठी देवाकडे माफी मागितली. तू मला ते करू दिलंस."

"हो," तो म्हणाला.

"डोळ्यांचं एक वेळ समजेन मी. आळस कोणाला नसतो. हे नाही समजणार."

त्याला रडू आलं. तो बोलायला गेला, पण तिने हात वर केला. तिचं रडणं संपलं होतं आणि त्याचं तिला बघायचं नव्हतं. मग ती त्याच्याकडे तोंड करून बसली. काउंटरला बसल्यावर तिचा जो आवाज असायचा, त्या आवाजात तिने विचारलं, ते यंत्र नसलं तर डोळा तपासता येतच नाही का?

इतकं गेल्यावर येतो, तो म्हणाला. काही लागत नाही त्याला. समोरासमोर बसायचं. दोन हात पुरतात.

"मग तपास."

"आई, आता इथे कशाला..."

"तपास म्हटलं ना. नीट."

तो तिच्यासमोर खडकावर बसला, गुडघ्याला गुडघा लावून. तिला एक डोळा तळहाताने झाकायला सांगितलं. स्वतःचा त्याच्यासमोरचा डोळा मिटला. माझ्या उघड्या डोळ्याकडेच बघायचं, नजर हलवायची नाही, बोट हलताना दिसलं की सांगायचं. गिऱ्हाइकाला सांगतो तसंच सांगत होता तो, शब्द आपोआप येत होते. या तपासणीत मोजपट्टी म्हणजे तपासणारा स्वतः. आपल्याला आपलं बोट दिसलं, की त्याच वेळी समोरच्यालाही दिसायला हवं. दोघांत जेवढं अंतर पडेल, तेवढं समोरच्याचं गेलं.

त्याने हात बाजूला लांब नेला आणि बोट हलवत सावकाश आत आणायला सुरुवात केली.

त्याला बोट लगेच दिसलं. आई त्याच्या डोळ्यात बघत होती. काही बोलली नाही. त्याने बोट आणखी आत आणलं. तिच्या मागे तळ्यावर पक्ष्यांचा एक थवा उतरत होता, तोही त्याला दिसत होता, डोंगराची कड दिसत होती, गाडीचं छप्पर दिसत होतं. बोट तिच्या कानाच्या रेषेला आलं. आई गप्प. दुकानात असतं तर त्याने इथेच थांबून डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली असती. बोट आणखी आत आलं. त्याचा हात थरथरायला लागला. म्हणजे बोट उलट जास्तच हलत होतं, आणि तरी तिला दिसत नव्हतं. ती अगदी मनापासून बघत होती. लबाडी नाही, पाठांतर नाही. शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसून ती त्याच्या डोळ्यात बघत होती आणि वाट बघत होती. बोट गालाच्या हाडावर आलं, नाकाजवळ यायला लागलं.

"दिसलं," ती म्हणाली.

त्याने हात खाली घेतला. तो हात त्याला मांडीवर ठेवता येईना, खिशात घालता येईना. इतकं गेलं असेल, असं त्यालाही वाटलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा ते आकड्यांत होतं. आता ते त्याच्या खांद्यापासून तिच्या नाकापर्यंत होतं. त्याने तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. थोडा वेळ त्याला तसंच राहू दिलं, मग खांद्याला धरून सरळ बसवलं.

"एकच झाला," ती म्हणाली. "दुसरा राहिलाय."

आणि तिने दुसऱ्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. त्याला हात उचलायला बराच वेळ लागला. तिने अजिबात घाई केली नाही.